पेरिना थंडीत चालू होत नाही

बेपो दारात येऊन उभा राहिला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली, तेव्हाच येर्कोनं ओळखलं की बातमी वाईट आहे. हा मेहुणा टोपी काढणाऱ्यांतला नव्हे. चर्चमध्येसुद्धा फादर लोव्रेंनी डोळे वटारल्याशिवाय ती टोपी जागची हलत नसे. आज मात्र ती हातात गोल गोल फिरवत, येर्कोच्या तोंडाकडे न बघता तो म्हणाला की काल सणाची समिती बसली होती आणि यंदा संत निकोलासाठी पेरिनाचं नाव निघालं.

पेरिना म्हणजे येर्कोची होडी.

दुबोका गावाची ही रीत आजची नाही. डिसेंबरात संत निकोलाच्या सणाला मासेमार लोक चर्चसमोरच्या चौकात एक म्हातारी होडी जाळतात. जन्मभर समुद्रात राबलेली होडी कुठंतरी कुजत पडण्यापेक्षा संताच्या पायाशी तिची राख व्हावी, आणि त्यातली चिमूटभर पुढच्या नव्या होडीच्या तळाशी घालावी. फार मोठा मान आहे म्हणतात. म्हणणारे सगळे ते, ज्यांची होडी त्या वर्षी जळणार नसते.

“पेरिना चालते,” येर्को म्हणाला.

“उन्हात चालते,” बेपो म्हणाला. “थंडीत तिच्याआधी माझी सासू उठते, आणि ती कधीची अंथरुणाला खिळलीय.”

यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर येर्कोला जास्त झोंबलं. होडी लाकडी, ठणठणीत. रडगाणं होतं ते मागे लटकवलेल्या मोटरचं. जुनी, दोरी ओढून सुरू करायची मोटर. एका जर्मन पाहुण्यानं टाकून दिलेली आणि येर्कोनं त्याच्याकडून ऑलिव्हच्या तेलाच्या डब्यांवर घेतलेली. होडीवरचं नावही आधीच्या मालकानं रंगवलेलं. ही पेरिना कोण, हे येर्कोची बायको फिल्का अधूनमधून विचारायची, पण ते येर्कोलाही ठाऊक नव्हतं. चांगला रंग खरवडून वाया कशाला घालवायचा, एवढंच त्याचं म्हणणं.

उन्हाळ्यात ही मोटर एका ओढीत बोलायची. नोव्हेंबर लागला की सकाळी हिची नाटकं सुरू. येर्को दोरी ओढतोय, शिव्या घालतोय, कोट काढून पुन्हा ओढतोय, आणि धक्क्यावरचे पक्षी माशांची वाट बघून कंटाळून उडून जातायत. बरं, एकदा का ती तापली, की मग करंगळीनं ओढा, लगेच सुरू. दुखणं होतं ते फक्त गार असतानाचं, आणि ते काही केल्या सापडत नव्हतं.

समितीचा निकाल मान्य नसेल तर त्यालाही तोड होती. सणाच्या सकाळी फादर धक्क्यावर उभे राहून संतांची नावं घ्यायला लागले की मालकानं मोटरची दोरी ओढायची. आदल्या संध्याकाळच्या घंटेपासून मोटरला हात लावायचा नाही, वल्ही घरी ठेवायची. संतांची नावं संपायच्या आत होडी बंधाऱ्याबाहेर पडली तर सुटली, नाहीतर चौकात गेली. येर्कोनं छाती पुढे काढून सांगितलं की आपल्याला मंजूर आहे. बेपोनं सुस्कारा टाकला, टोपी घातली आणि तो गेला.

आता दुबोकात कॉफी प्यायला बसलेला प्रत्येक पुरुष मोटरांचा डॉक्टर असतो, आणि फुकटचा. पहिला म्हणाला प्लग. येर्कोनं नवा प्लग आणला आणि ठिणगी पडते का ते बघायला जुना हातात धरूनच दोरी ओढली. ठिणगी उत्तम पडत होती. त्या वेळी त्याच्या तोंडून जो शब्द गेला तो वर चर्चच्या अंगणात झाडू मारणाऱ्या फादरांनी ऐकला, आणि रविवारच्या प्रवचनाला त्यांना आयता विषय मिळाला.

दुसरा म्हणाला पेट्रोल शिळं झालं असेल. तेही बदललं. तिसरा म्हणाला, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडतोस ना? उघडत होता. नळीतला रबरी फुगा कडक होईस्तोवर दाबतोस ना? दाबत होता, इतका की रात्री झोपेतही त्याच्या हाताची मूठ उघडझाप करायची. चौथ्यानं सांगितलं की मोटरला रात्री घोंगडी पांघरून निजव. येर्कोनं घरातली चांगली लोकरी घोंगडी नेली, आणि फिल्कानं ती भर धक्क्यावरून परत आणली. पाचवा म्हणाला की आत घोटभर राकिया ओत. एवढी चांगली दारू मोटरच्या घशात घालायची येर्कोची छाती होईना, म्हणून ती त्यानं आपल्याच घशात घातली. मोटरला काही फरक पडला नाही, पण येर्कोला त्या दिवशी बरं वाटलं.

शेवटी दुखणं सापडलं ते फिल्काला. सणाच्या आदल्या दुपारी ती धक्क्यावर सार्डिन साफ करत बसली होती आणि येर्को झाकण उघडून मोटरशी झटत होता. सुरी खाली ठेवून ती म्हणाली की तू ते चोकचं बटण बाहेर ओढतोस, पण आतली झडप हलते का ते कधी बघितलंस? येर्को म्हणाला, बटण ओढल्यावर झडप हलणारच, त्याच्यासाठीच तर बटण असतं. फिल्कानं हात पुसले, होडीत वाकून बटण ओढलं. बटण बाहेर आलं, त्याची तार वाकडी झाली, आणि झडप आपली होती तिथंच उघडी राहिली. गार मोटरला सुरुवातीला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं. त्यासाठी कार्बोरेटरच्या तोंडावरची ती झडप मिटायला हवी. ही मिटतच नव्हती. तिच्या दांडीभोवती पिवळट, चिकट थर बसला होता. फिल्कानं नखानं त्यातला थोडा खरवडला आणि नाकाशी धरला.

“तुझं तेल,” ती म्हणाली.

आता येर्कोच्या तेलाबद्दल सांगायलाच हवं. टेकडीवरची झाडं त्याच्या आजोबांनी लावलेली. बेटावरच्या तेलांच्या स्पर्धेत त्याचं तेल पहिलं यायचं आणि बेपोचं दुसरं, दरवर्षी, न चुकता. यावरून ईस्टरच्या जेवणात काय काय झालंय ते विचारू नका. येर्को हे तेल सॅलडवर घालायचा, गुडघ्याला चोळायचा, नातवाच्या कानात टाकायचा, दाराच्या बिजागरीला लावायचा. मोटरला ते हवं नको विचारायचा प्रश्नच नव्हता. जिथं जिथं काही हलताना दिसे तिथं तिथं त्यानं इतकी वर्षं मायेनं ते सोडलं होतं.

फिल्कानं आठवण करून दिली की माझं शिवणाचं मशीन असंच बसलं होतं, तूच तेल घातलं होतंस, आणि ते सोडवायला मुख्य भूमीवरून माणूस बोलवावा लागला. थोडं पेट्रोल घे, जुन्या दातांच्या ब्रशनं घास, निघेल. एवढं साधं काम. पण येर्कोचे कान लाल झाले.

“ज्या तेलावर आपली पोरं वाढली, ते तेल अडवतं म्हणतेस?”

“पोरांना कार्बोरेटर नव्हते, येर्को.”

यावर शहाणा माणूस ब्रश शोधायला गेला असता. येर्को गेला तळघरात. नुकतंच गाळलेलं यंदाचं तेल होतं, हिरवंगार, गढूळ, घशाला झोंबणारं. त्याची बाटली त्यानं आणली आणि झडपेच्या दांडीवर सढळ हातानं ओतली. दुपारचं ऊन छान पडलं होतं. बटण दोनचारदा मागेपुढे केलं आणि काय सांगावं, झडप लोण्यातून सुरी जावी तशी हलायला लागली. येर्कोनं बायकोकडे असं बघितलं की जणू बेटाचं बक्षीस पुन्हा एकदा मिळालं. तिनं माशांची टोपली उचलली आणि ती घरी गेली.

संध्याकाळची घंटा झाली, आणि घंटेपाठोपाठ उत्तरेकडून बुरा सुटला. बुरा म्हणजे डोंगरावरून खाली कोसळणारा कोरडा, हाडं फोडणारा वारा. रात्रभर खिडक्यांची दारं आपटत राहिली. पहाटे येर्को स्वयंपाकघरात आला, पाव कापला आणि त्याच्यावर घालायला तेलाची बाटली तिरकी केली. तेल येईना. बाटली उलटी केली. तरी येईना. आत सगळं पांढरट, गोठून बसलेलं. येर्कोनं ती बाटली फडताळात मागे सरकवून ठेवली. मग त्यानं स्वतःला सांगितलं की बाटली काचेची आहे आणि मोटर लोखंडाची, दोन्हींचा काय संबंध, आणि कोरडा पाव चावत तो धक्क्यावर गेला.

अख्खं गाव जमलं होतं. बेपो रॉकेलचा डबा घेऊन उभा होता आणि सणाचा कोट घालूनही आजारी दिसत होता. फिल्का इतर बायकांत, शाल घट्ट ओढून. येर्को होडीत उतरला, फुगा दाबला, बटण ओढलं. त्याच्या बोटांना कळलं की तार वाकली. बोटांना कळलं, पण त्यानं ते डोक्यापर्यंत पोचू दिलं नाही.

फादर लोव्रेंनी सुरुवात केली. संत पीटर, आम्हांसाठी विनंती कर. संत अँड्र्यू, आम्हांसाठी विनंती कर. लोक मागून म्हणत होते आणि येर्को दोरी ओढत होता. मोटर नुसती खोकायचीसुद्धा नाही. कोट उतरला, स्वेटर उतरला. फादरांना येर्कोची दया येत असावी, कारण एरवी वाघ मागे लागल्यासारखी नावं घेणारे फादर आज एकेका संतापाशी थांबून त्याला नीट न्याहाळल्यासारखे बोलत होते. समुद्राचे संत झाले, मग डोंगराचे झाले, मग दातदुखीचे आणि हरवलेल्या वस्तूंचे झाले. मग फादर थांबले, खाकरले, आणि म्हणाले, संत निकोलाची आई. लोकांनी एकमेकांकडे बघितलं, पण विनंती केली. संत निकोलाचे वडील. विनंती केली. संत निकोलाची मावशी, असं आलं तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं की नाव काय हो मावशीचं. फादर म्हणाले, ती नम्र होती, नाव सांगत नसे.

येर्कोनं दोरी सोडली. तळहात सोलून निघाला होता. त्याला सगळं कळून चुकलं होतं, खरं म्हणजे उलट्या बाटलीपाशीच कळलं होतं. उपायही ठाऊक होता. झाकण काढायचं, आणि झडप मिटत नाही तर कुणीतरी कार्बोरेटरच्या तोंडावर हाताचा तळवा दाबून धरायचा, म्हणजे तेवढं काम भागतं. पण झाकण काढलं की तो पांढरा लोण्यासारखा गोळा सगळ्या गावाला दिसणार. बेपोला दिसणार. ईस्टरला दिसणार, नाताळाला दिसणार, मेल्यावर थडग्यापाशीही त्याची आठवण निघणार. एका बाजूला पेरिना आणि एका बाजूला आजोबांच्या झाडांचं नाव. रडू आलं त्याला, खरंच आलं. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलंय असं दाखवायची सोय होती एवढंच.

त्यानं झाकण काढलं.

“झडप अडकलीय,” तो मोठ्यानं म्हणाला. “माझ्या तेलानं. गोठलंय ते.”

धक्क्यावर अशी शांतता पसरली की फादरही मावशीपाशीच राहिले. येर्को हसण्याची वाट बघत मान खाली घालून उभा होता. कुणी हसलं नाही. त्यानं वर बघितलं तर काय, एकेक पुरुष हळूच आपापल्या होडीकडे बघत होता. एकजण गुपचूप खाली वाकून आपल्या मोटरचं झाकण नीट बसलंय ना ते चाचपत होता. मग सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जोरात बोलला तो बेपो. ऑलिव्हच्या तेलानं कधी कुणाचं वाईट झालेलं नाही, तो म्हणाला, हे बोलणं बेटाला शोभत नाही. त्याचा चेहरा लालभडक झाला होता. येर्कोच्या लक्षात आलं की दुसऱ्या नंबरचं तेलही थंडीत गोठतच असणार.

पण त्या बोलण्यानं मोटर सुरू होणार नव्हती. तळवा धरायला माणूस हवा होता. येर्कोनं बायकांच्या घोळक्याकडे बघितलं.

“फिल्का, ये ना.”

फिल्का लगेच हलली नाही. इतका वेळ उभी राहिली की येर्कोला वाटलं, संपलं. मग तिनं शाल शेजारणीच्या हातात दिली, बूट काढले आणि ती होडीत उतरली. एवढ्या वर्षांत त्यानं तिला मोटरला बोट लावू दिलं नव्हतं. तिनं बाही वर केली आणि कार्बोरेटरच्या तोंडावर तळवा दाबून धरला. येर्कोनं ओढलं. मोटर खोकली. पुन्हा ओढलं. आणि ती भडकली, निळ्या धुराचा लोट थेट फादरांच्या पांढऱ्या झग्यावर गेला, आणि धुरातून फादरांचा आवाज आला की संत निकोलाची दुसरी मावशी. फिल्का एकेक बोट उचलत हवा आत सोडत होती. पेरिना बंधाऱ्याबाहेर पडली तेव्हा मागून आमेन ऐकू आलं.

बाहेर येऊन येर्कोनं मागे बघितलं. बेपोला आता भलतीच घाई झाली होती. आणखी कुणाची मोटर तपासायचा विषय निघायच्या आत त्यानं चौकात होडीऐवजी एक फुटकं पिंप आणि द्राक्षवेलींची वाळकी खोडं रचून पेटवूनही दिली होती. येर्को हसत सुटला. म्हणाला, बघ तुझा भाऊ. माझ्या होडीचं नाव समितीत टाकतो. हे मी त्याला मरेपर्यंत विसरू देणार नाही.

“बेपोनं नाही टाकलं,” फिल्का म्हणाली. “मी टाकलं.”

येर्कोला वाटलं मोटरच्या आवाजात आपण चुकीचं ऐकलं. पण ती त्याच्याकडे न बघता बोलतच राहिली. फेब्रुवारीत तू जाळी ओढायला मोटर बंद केलीस, ती गार पडली आणि सुरू होईना. वाऱ्यानं तुला कुठल्या कुठे नेलं. तू अंधार पडल्यावर आलास आणि म्हणालास, आज मासळी नाही. एवढंच म्हणालास, आणि सूप मागितलंस. मी सगळी दुपार त्या बंधाऱ्यावर उभी होते. लोक म्हणत होते घरी जा. कुठल्या घरी जाऊ? बेपो नको नको म्हणत होता, मीच त्याला भाग पाडलं.

“म्हटलं, जळून जाऊ दे एकदाची,” ती म्हणाली. “मग तू घरात बसशील, माझं डोकं खाशील, पण घरात असशील.”

फेब्रुवारीतला तो दिवस येर्कोला चांगला आठवत होता. तिथं पाण्यावर तोही घाबरला होता, आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटी त्यानं एवढंच विचारलं की मग आज होडीत उतरलीस कशाला.

“तू सगळ्या गावासमोर म्हणालास ना, माझ्या तेलानं,” फिल्का म्हणाली. “माझ्यासमोर जन्मात कधी चूक कबूल केली नाहीस. या लाकडासाठी केलीस. एवढी जीव की प्राण असेल तर यापुढे मीही येणार. सांगून ठेवते.”

येर्को तिच्याकडे वळला. काहीतरी चांगलं, मोठं, आजवर न म्हटलेलं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि त्या गडबडीत त्याचा हात मोटरच्या दांड्यावरून सुटला. मोटर दोनदा उचक्या देऊन बंद पडली.

एकदम सगळं शांत झालं. वारा मागून होता आणि होडी हळूहळू उघड्या समुद्राकडे सरकायला लागली. वल्ही घरी होती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. फिल्कानं पुन्हा बाही सरसावली आणि तळवा जागेवर दाबला. तिची बोटं पेट्रोलनं आणि थंडीनं लालेलाल झाली होती. येर्कोनं दोरी हातात घेतली, पण ओढली नाही. त्याला पहिल्यांदाच वाटत होतं की आज ही लगेच सुरू झाली नाही तरी चालेल.

“ओढ की,” फिल्का म्हणाली.

त्यानं अगदी हलकेच, मुद्दाम हलकेच ओढली, आणि ती मेली पहिल्याच ओढीला सुरू झाली.